काडतुसाचा गळा आणि भंडाऱ्याचे पितळ

पोलिसांच्या चांदमारीवर सराव संपला की एक काम न चुकता केले जाते. गोळीबार थांबतो, बंदुका तपासल्या जातात आणि ज्यांनी आतापर्यंत डोळा लक्ष्यावर रोखून धरलेला असतो तेच जवान खाली वाकून गवतात पुंगळ्या शोधू लागतात. जितक्या गोळ्या दिल्या तितक्या पुंगळ्या परत आल्या पाहिजेत, असा दंडक आहे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिरात पहिल्यांदा रायफल हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यालाही हा शिरस्ता पाळावा लागतो. गोंदिया जिल्ह्यात, जेथे सालेकसा आणि देवरी तालुक्यांच्या जंगलपट्ट्यात पोलिसांना सशस्त्र दूरक्षेत्रे उभारावी लागली, तेथे या हिशेबाला इतर जिल्ह्यांपेक्षा अधिक महत्त्व यावे हे स्वाभाविकच आहे. रिकामी पुंगळी म्हणजे उडून गेलेल्या गोळीचा पुरावा, एवढेच सर्वसामान्य माणसाला वाटते. वस्तुत: ती त्याहून अधिक काही असते. ती अर्धे काडतूस असते.

काडतुसाचे घटक चार. आघात होताच ठिणगी देणारी टोपी, जळणारी दारू, पुढे धावणारी गोळी आणि या तिघांना एकत्र धरून ठेवणारी पितळी पुंगळी. यांपैकी तिघे क्षणार्धात आपापले काम करून संपतात. मागे उरते ती पुंगळी, आणि मौज अशी की चौघांत सर्वात महाग साधारणपणे तीच असते. ती फेकून द्यावी हे कोणत्याही काटकसरी माणसाला पटण्यासारखे नाही. म्हणूनच जगाच्या अनेक देशांतील नेमबाज आणि शिकारी शंभराहून अधिक वर्षे पुंगळ्या पुन्हा भरून वापरत आले आहेत. आपल्याकडेही हे काम अगदीच अनोळखी नव्हते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली येण्यापूर्वी, शिकार हा प्रतिष्ठितांचा छंद समजला जात होता त्या काळात, बारा बोअरच्या बंदुकीसाठी पितळी पुंगळ्या पसंत केल्या जात. कागदी काडतुसे पावसाळ्यात ओल धरून फुगत आणि ऐन वेळी बंदुकीच्या नळीत अडकून बसत. पितळी पुंगळी फुगत नसे आणि घरच्या घरी पुन्हा भरता येई. ज्या मुलुखात पावसाळ्यात सरासरी बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो, तेथे या गुणाची किंमत वेगळी सांगायला नको.

परंतु बारा बोअरची पुंगळी सरळ नळीसारखी असते. रायफलच्या पुंगळीची गोष्ट निराळी. तिला पोट असते, उतरता खांदा असतो आणि त्यावर एक अरुंद गळा असतो. गोळी या गळ्यात घट्ट बसते. पुनर्भरणाची सारी विद्या या गळ्याभोवती फिरते, आणि ही विद्या म्हणजे बंदुकीची नव्हे, पितळेची विद्या आहे. गोंदिया आणि भंडारा हे दोन जिल्हे १ मे १९९९ पर्यंत एकच होते. पितळी भांड्यांसाठी ज्याचे नाव साऱ्या विदर्भात घेतले जाई, तो हा जिल्हा. तेथे आज पुंगळ्यांचा हिशेब ठेवणारे पुष्कळ आहेत. पुंगळीचे पितळ जाणणारे हात मात्र विरळ होत चालले आहेत. या दुसऱ्या गोष्टीची खंत कोणाला फारशी वाटत नाही, हीच चिंतेची बाब आहे.

गळ्याचे दुखणे

बंदुकीचा घोडा पडतो तेव्हा पुंगळीच्या आत जो दाब उत्पन्न होतो तो रायफलच्या बाबतीत दर चौरस इंचाला ४५ ते ६० हजार पौंडांच्या घरात जातो. त्या दाबाने पितळ फुगते, नळीच्या मागील घराला सर्व बाजूंनी चिकटते आणि तप्त वायूला नेमबाजाच्या चेहऱ्याकडे परतू देत नाही. दाब ओसरला की तेच पितळ किंचित आक्रसते, म्हणून पुंगळी बाहेर ओढता येते. पुंगळीसाठी पितळच का, याचे उत्तर या दोन क्रियांत आहे. शिसे फुगेल पण आक्रसणार नाही. ओतीव लोखंड फुगण्यापूर्वीच तडकेल. शंभरात सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त या प्रमाणातील पितळ दोन्ही करू शकते. त्या मिश्रधातूला जगभर काडतुसाचे पितळ असेच नाव पडले आहे.

मात्र पूर्वीच्या मापावर ते परत येत नाही. गळा थोडा सैल राहतो आणि नवी गोळी त्यात बसवू गेले तर ती धरली जात नाही. म्हणून पुंगळी एका पोलादी साच्यात दाबून गळा आवळावा लागतो आणि मग आतून एक गुळगुळीत गुंडी फिरवून त्याचे माप नेमके करावे लागते. ही पकड किती असावी? इंचाच्या दोन-तीन सहस्रांशाइतकी. त्याहून सैल झाली तर गोळी हलते, त्याहून घट्ट झाली तर नेम बिघडतो. काही जाणकार सबंध पुंगळी साच्यातून काढतात, काही नुसता गळाच आवळतात. दुसऱ्या रीतीत पुंगळी ज्या बंदुकीतून उडाली त्याच बंदुकीच्या मापाची राहते, जणू शिंप्याने अंगावर माप घेऊन बेतलेला सदरा. परंतु तो सदरा दुसऱ्याच्या अंगाला येईलच असे नाही. सैन्यात किंवा पोलिसांत, जेथे एकाची काडतुसे दुसऱ्याच्या बंदुकीत चालली पाहिजेत, तेथे ही रीत निरुपयोगी आहे.

खरे दुखणे याच्या पुढचे आहे. उडताना गळा फुगतो, साच्यात आवळला जातो, गुंडीने पुन्हा पसरतो. प्रत्येक खेपेस पितळावर तीनदा बळजबरी होते. पितळाचा धर्म असा की त्याला थंड स्थितीत जितके वाकवावे, ठोकावे, ताणावे तितके ते कठीण होत जाते. कठीण झालेले पितळ लवत नाही. मग एखाद्या खेपेस, कधी पाचव्या तर कधी दहाव्या, गळ्याला तोंडापासून खांद्याकडे उभी चीर जाते. दुसरीही एक गोष्ट घडते. दर खेपेस थोडे थोडे पितळ पुढे सरकते आणि गळा लांबतो. तो वेळीच कापून मापात आणला नाही तर नळीच्या तोंडाशी चिमटला जातो, गोळीला सुटायला वाव मिळत नाही आणि दाब मर्यादेबाहेर चढतो. चिरलेला गळा बहुधा नेम चुकवून थांबतो, लांबलेला गळा मात्र बंदूक फोडू शकतो. हा फरक ज्याला ठाऊक नाही त्याने पुंगळी भरू नये, हे उघड आहे.

या दुखण्यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे आग. गळा तापवला की पितळाच्या आतील कण नव्याने रचले जातात आणि धातू पुन्हा मऊ होतो. परंतु आच फक्त गळ्याला व खांद्याला लागली पाहिजे, बुडाला लागता कामा नये. सर्व दाब अखेर ज्या बुडाने झेलायचा ते मऊ पडले तर नेमबाजाचा डोळा आणि हात दोन्ही धोक्यात येतात. सैनिकी काडतूस ज्यांनी जवळून पाहिले असेल त्यांना त्याच्या गळ्याशी एक निळसर-तपकिरी झाक आढळली असेल. अनेकांना तो गंज किंवा डाग वाटतो. तो कारखान्यात शेवटी दिलेल्या आचेचा शिक्का असतो आणि पुष्कळ ठिकाणी तो मुद्दाम पुसला जात नाही, कारण तो पाहून तपासनिसाला गळा नरम केल्याची खात्री पटते.

कारागिराला ठाऊक असलेले

हे सारे वाचून भंडाऱ्याचा जुना कारागीर हसेल. पितळेचा पत्रा ठोकून ज्याने हंडा, गुंड किंवा परात घडवली, त्याला ठोकलेले पितळ ताठ होते आणि ताठ पितळ तडकते हे कोणी शिकवावे लागले नाही. काही फेऱ्या ठोकून झाल्या की तो भांडे भट्टीत घालतो, रंग पाहतो, बाहेर काढतो आणि पुन्हा ठोकू लागतो. भांड्याचा गळा आत घेताना, म्हणजे मोठ्या पोटावर लहान तोंड आणताना, हे त्याला अनेकदा करावे लागते. काडतुसाच्या गळ्याचे गणित आणि घागरीच्या गळ्याचे गणित एकच आहे, फरक काय तो मापाचा. लोहाराप्रमाणे तापलेले पितळ पाण्यात बुडवल्याने ते कठीण होत नाही, हेही त्याला माहीत असते. पोलाद आणि पितळ यांचे धर्म या बाबतीत अगदी उलट आहेत, आणि रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालेल्या तरुणाला विचारले तर तोही येथे क्षणभर अडखळेल. कारागीर अडखळणार नाही. शेवटी मठारकाम करताना तो भांड्यावर जे बारीक ठोके देतो ते नुसत्या शोभेसाठी नसतात, त्यांनी तयार भांड्याला ताठपणा येतो. किती मऊ ठेवायचे आणि किती ताठ करायचे याचा हा हिशेब कोणत्याही वहीत लिहिलेला नाही.

वहीत लिहिलेला नाही, येथेच घोडे अडते. ज्ञान हातात होते, ते शब्दांत आले नाही. आणि जे शब्दांत आले नाही ते त्या हातांबरोबर जाते. स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम घराघरांत शिरले, पितळी भांडे लग्नाच्या आंदणापुरते उरले आणि पुढच्या पिढीने दुसरे धंदे धरले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. भट्टीपुढे दिवसभर बसून पोट भरत नसेल तर मुलाने कारकुनी पत्करली यात नवल ते काय? पण त्या भट्टीपुढे काय शिकले गेले होते, याची नोंद घेण्याचे काम ज्यांचे होते त्या शिक्षितांनी तरी ते केले काय?

पावसाळ्याने फोडलेली काडतुसे

या दुर्लक्षाची किंमत काय असते हे एका परकीय सत्तेने याच देशात अनुभवले होते. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील लष्करी छावण्यांत पावसाळ्याच्या दिवसांत एक विचित्र प्रकार आढळू लागला. कोठारात नुसती पडून असलेली, कोणीही न हाताळलेली पितळी काडतुसे आपोआप तडकत. चिरा बहुधा तेथेच पडत जेथे पुंगळीचा गळा गोळीवर आवळलेला असे. उन्हाळ्यात हा प्रकार होत नसे, पावसाळ्यात होई. म्हणून इंग्रजांनी त्याला ऋतूशी जोडलेले नाव दिले, सीझन क्रॅकिंग. धातुशास्त्राच्या पुस्तकांत हे नाव आजही कायम आहे. जगभरचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी ते पाठ करतात. तो ऋतू म्हणजे आपला मृग आणि आर्द्रा, हे त्यांच्यापैकी किती जणांच्या ध्यानात येत असेल कोण जाणे.

कारण पुढे सापडले. पावसाळ्यात दारूगोळा घोड्यांच्या पागेत ठेवला जाई, कारण कोरडी छपरे तेथेच असत. घोड्यांच्या मूत्रातून अमोनिया वायू निघे. दमट हवेत तो पितळावर बसे, त्यातील तांब्याशी त्याचा संयोग होई आणि जेथे धातू आधीच आवळला गेल्यामुळे आतून ताणलेला असे तेथे नेमकी चीर धरे. नुसत्या अमोनियाने असे होत नाही, नुसत्या ताणानेही होत नाही, दोन्ही एकत्र आले की होते. शाळेच्या प्रयोगशाळेत मोरचुदाच्या द्रावणात अमोनिया ओतल्यावर जो गर्द निळा रंग दिसतो, तोच संयोग येथे काडतुसाच्या गळ्यावर सूक्ष्म प्रमाणात घडत होता. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी १९२१ साली यासंबंधीचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला आणि प्रश्न मार्गी लागला. उपाय काय निघाला? पुंगळी घडवून झाल्यावर तिला हलकी आच द्यायची, सुमारे अडीचशे अंश सेल्सियसची. एवढ्या आचेने पितळ मऊ पडत नाही, पण त्याच्या पोटातला ताण उतरतो. आणि दारूगोळा पागेपासून दूर, कोरड्या जागी ठेवायचा.

येथे एक गोष्ट सहज मनात येते. आपल्याकडे पितळी भांड्याला कल्हई लावतात ती कथलाची. कथील वितळते २३२ अंशांना. म्हणजे कल्हईवाला भांडे भात्यावर धरून त्यावर कथील फिरवतो तेव्हा त्या भांड्याला, विलायतेतील शास्त्रज्ञांनी पुंगळीसाठी ठरवली जवळपास तेवढीच आच लागते. शिवाय तो जो नवसागर टाकतो, ज्याच्या धुराने डोळ्यांत पाणी येते, त्या नवसागराच्या पोटातही अमोनियाच असतो. कल्हई लावणाऱ्याने ही क्रिया ताण उतरवण्यासाठी शोधून काढली, असा दावा करणे वेडेपणाचे होईल. ती अन्न कळकू नये म्हणून होती. आपल्या पूर्वजांना सारे काही आधीच ठाऊक होते, असे सांगत फिरणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. त्यांत भर घालण्याचे कारण नाही. मुद्दा निराळा आहे. ज्या प्रश्नाने लष्कराची काडतुसे फोडली त्याचे सर्व घटक, म्हणजे ठोकलेले पितळ, अमोनिया, पावसाळा आणि अडीचशे अंशांची आच, आपल्या अंगणात वर्षानुवर्षे एकत्र येत होते. प्रश्न विचारणारा मात्र तेथे कोणी नव्हता. तो लंडनमध्ये विचारला गेला.

मुभा द्यावी काय?

आता वर्तमानाकडे वळू. पुंगळी पुन्हा भरण्याची मुभा खासगी नेमबाजांना मिळावी, अशी इच्छा क्रीडावर्तुळात अधूनमधून व्यक्त होते. तिचा विचार करताना प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे जागतिक अजिंक्यपद मिळवले, स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. कोल्हापूरकडच्या या दोन्ही खेळाडूंची पदके ५० मीटर रायफलची आहेत. त्या रायफलीत पॉइंट बावीसची बारीक काडतुसे वापरतात. या काडतुसाला वेगळी टोपी नसते. पेटणारे मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेले असते आणि घोडा ती कडच चेपून टाकतो. ती पुंगळी पुन्हा भरता येत नाही. छात्रसेनेच्या विद्यार्थ्यांच्या हाती येणारे काडतूसही सामान्यत: हेच. तेव्हा ऑलिंपिकच्या पदकांचा दाखला देऊन पुनर्भरणाची मागणी करणे अप्रस्तुत आहे. ती मागणी मोठ्या रायफलीच्या, लांब पल्ल्याच्या स्पर्धांपुरती खरी आहे. तेथे ती गैरवाजवी नाही, कारण त्या प्रकारात एकसारख्या भरलेल्या काडतुसांवर नेम अवलंबून असतो आणि परदेशी काडतुसांची किंमत मध्यमवर्गीय नेमबाजाला पेलणारी नसते.

कायद्याची भीतीही गैरवाजवी नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार परवान्यावाचून काडतूस तयार करता येत नाही, आणि पुंगळी पुन्हा भरणे म्हणजे काडतूस तयार करणेच. त्याच कायद्याच्या तेराव्या कलमात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. रानडुकरे एका रात्रीत धानाचे बांध कसे लोळवतात हे अर्जुनी मोरगाव किंवा सडक अर्जुनी येथील शेतकऱ्याला विचारावे. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या काठच्या गावांत ही तक्रार रोजची आहे. ठासणीच्या बंदुकीला पुंगळी लागत नाही, त्यामुळे या शेतकऱ्याचा आणि पुनर्भरणाचा संबंध येत नाही. पण ज्या जिल्ह्यात हातची बंदूक, हातची दारू आणि दाट जंगल या तिन्ही गोष्टी आहेत आणि जेथे पोलिसांच्या हातून गेलेली एक पुंगळीही कोणाच्या हाती पडेल याची काळजी वाहावी लागली, तेथे घरोघरी काडतुसे भरण्याची मुभा जिल्हा प्रशासनाने द्यावी, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही.

कायद्याच्या भीतीहून मोठी भीती पितळाची आणि दारूची आहे. अज्ञानाने पुंगळी भरणाऱ्याला परवाना वाचवू शकत नाही. परवाना हा कागद आहे. गळा किती लांबला हे तो मोजत नाही. भंडाऱ्याजवळ जवाहरनगर येथे १९६४ पासून आयुधनिर्माणी आहे आणि तिचे मुख्य काम स्फोटकांचे व प्रणोदकांचे, म्हणजे काडतुसाला आणि तोफगोळ्याला ढकलणाऱ्या दारूचे. तेथे प्रशिक्षित माणसे, नियमावली, देखरेख असे सारे काही असते. तरीही २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात छत कोसळले आणि त्याच दिवशी आठ कामगार मृत्युमुखी पडले. त्या स्फोटाचा काडतुसाच्या पुनर्भरणाशी संबंध नव्हता. पण दारूचे काम सराईत हातांनाही क्षमा करीत नाही, हे त्या दिवशी पुन्हा एकदा दिसले. मग घरच्या मेजावर, दिव्याच्या उजेडात, ऐकीव माहितीवर हे काम करणाऱ्याचे काय व्हावे?

म्हणून मधला मार्गच योग्य ठरतो. मान्यताप्राप्त नेमबाजी संघटनेच्या चांदमारीवर, एका कुलूपबंद खोलीत, शिकलेल्या माणसाच्या देखरेखीखाली आणि मोजलेल्या पुंगळ्यांवर पुनर्भरणाची सोय व्हावी. भरलेली काडतुसे तेथेच उडवली जावीत आणि पुंगळ्या तेथेच जमा व्हाव्यात. कायद्याच्या चौकटीत परवाना देऊन हे करणे अशक्य नाही. मात्र ही सोय करायची तर प्रथम शिकलेली माणसे हवीत. ती कोठून आणणार?

शिक्षणाची गोम

प्रश्न येथे बंदुकीचा उरत नाही, तो शाळेचा आणि महाविद्यालयाचा होतो. लहान शस्त्रांची काडतुसे आपल्या राज्यातच बनतात. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे, भुसावळजवळचा वरणगावचा कारखाना १९६४ चा. वरणगाव, जवाहरनगर, खडकी हे कारखाने १ ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहेत आणि तिचे मुख्यालय पुण्यात आहे. म्हणजे पुंगळीचे शास्त्र मराठी मुलुखात नित्य वापरले जाते. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत धातुशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, आणि गोंदिया ते नागपूर हे अंतर रेल्वेने १३० किलोमीटरच्या आसपास. एका बाजूला हे सारे आणि दुसऱ्या बाजूला भंडाऱ्याच्या पेठेत उरलेली थोडी घरे, जेथे अजून भट्टी पेटते. या दोन टोकांना जोडणारा रस्ता कोठेच नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरचा आणि वेल्डरचा अभ्यासक्रम असतो, परंतु ज्या धातूने या जिल्ह्याला नाव दिले त्याविषयी तेथील विद्यार्थ्याला जे शिकवले जाते ते चार ओळींचे. त्यात शिक्षकांचा दोष नाही. अभ्यासक्रम मुंबईत आणि दिल्लीत ठरतो आणि तेथे भंडाऱ्याची भट्टी दिसत नाही.

याला एक उत्तर ठरलेले असते: पितळेला आता बाजार नाही, मग हे शिकवून काय करायचे? उत्तर वरवर व्यवहारी आहे, पण चुकीचे आहे. पितळी भांड्याला बाजार नसेल, पितळाला आहे. विजेच्या खटक्यांपासून नळाच्या तोट्यांपर्यंत आणि आगगाडीच्या सुट्या भागांपासून काडतुसापर्यंत तो सर्वत्र लागतो, आणि या सर्व ठिकाणी तडकण्याचे दुखणे तेच आहे. गोठ्यालगतच्या मोटारपंपाची किंवा खताच्या गोदामातील नळाची पितळी तोटी दोन-तीन पावसाळ्यांत विनाकारण तडकते तेव्हा शेतकरी दुकानदाराला शिव्या देतो. अमोनिया तेथेही असतो; कधी गोठ्यातून येतो, कधी युरियातून. छावणीतल्या काडतुसाचे आणि त्या तोटीचे नशीब सारखेच. ती घडवणाऱ्याने शेवटची आच दिली असती तर ती टिकली असती, हे सांगणारा माणूस तालुक्याच्या ठिकाणी असायला हवा.

सुरुवात करण्यासाठी शासनाच्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. गोंदियाच्या धोटे बंधू विज्ञान महाविद्यालयासारख्या ठिकाणी किंवा एखाद्या चांगल्या तालुका शाळेतही हा प्रयोग करता येईल. त्यासाठी काडतूस लागत नाही, परवाना लागत नाही, आणि कोणाच्या जिवाला धोकाही नाही. भंडाऱ्याच्या कारागिराकडून पितळेच्या पत्र्याच्या सारख्या मापाच्या सहा पट्ट्या आणाव्यात. सहाही थंडच ठोकून ताठ कराव्यात. त्यांतील तीन पट्ट्या कारागिरालाच हलक्या आचेवर तापवायला सांगाव्यात, आणि किती वेळ, कोणता रंग येईपर्यंत, हे तो सांगेल ते शब्दश: लिहून घ्यावे. मग सहाही पट्ट्या वाकवून दोऱ्याने बांधाव्यात आणि अमोनियाचे सौम्य द्रावण तळाशी ठेवलेल्या झाकणबंद बरणीत, द्रावणाला न टेकता, टांगून ठेवाव्यात. बरणी शिक्षकाने स्वत: हाताळावी आणि उघड्या खिडकीजवळ ठेवावी. न तापवलेल्या पट्ट्यांवर वाकलेल्या जागी चिरा कधी दिसू लागतात याची नोंद रोज घ्यावी, आणि ती नोंद कारागिराला वाचून दाखवावी. तो त्यात काही दुरुस्ती सुचवील, तीही लिहून घ्यावी. जुलै महिना यासाठी सर्वात सोयीचा आहे.